शिधापत्रिका आणि ऑनलाईन किराणा

मुंबईत शिधावाटप १९४३ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे.

हे धान्य घरबसल्या मागविता येईल का? अमेरिकेत साहाय्याची रक्कम कार्डावर जमा होते, म्हणून २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तिच्यातून ऑनलाईन किराणा घेण्याचा प्रयोग सुरू होऊ शकला. आपल्याकडे साहाय्य म्हणजे प्रत्यक्ष धान्यच. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील ऊना व हमीरपूर येथील ११ रास्तभाव दुकाने ओएनडीसी या ऑनलाईन जाळ्यावर आली, पण ती इतर माल विकण्यासाठी.

लालबाग-परळमध्ये 'ऑनलाईन' म्हणजे दुकानातील ई-पॉस यंत्र. अंगठा जुळला की नोंद क्षणात होते. पिशवी मात्र आपणच वाहून आणावयाची. आयुष्यभर राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा जुळत नाहीत. अशा वेळी वृद्धांना चाळीचे जिने उतरविण्याचे कारण नाही : आधार जोडलेला, पत्रिकेत नाव असलेला कोणीही सदस्य सर्वांचे धान्य घेऊ शकतो. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे तो दूर उपनगरात राहत असल्यास तेथील दुकानातूनही.