गॅरेजला भिंती किती?

अंधेरी-बोरिवलीकडे ‘गाडी गॅरेजला आहे’ म्हटलं की ती बिघडली, मेकॅनिककडे पडून आहे, असंच कुणीही समजतं. धडधाकट गाडी असते ती ‘पार्किंगला’. मुळात गॅरेज हा फ्रेंच शब्द, सुरक्षित आडोशाला नेणं या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. इंग्रजीत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींसोबतच शिरला. ‘पार्क’ची कुळी लष्करी. आधी कुंपण घातलेलं रान, मग छावणीत तोफा-गाडे लावून ठेवायची जागा. एकात आडोसा, दुसऱ्यात नुसती रांग.

हा फरक कोशातच राहिला असता. पण महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे ‘मोफा’ने, फ्लॅटच्या व्याख्येत कंसात गॅरेजही घातलं. गॅरेज जर फ्लॅटमध्ये मोडतं, तर ते फ्लॅटसारखं विकायला हरकत काय, हे बिल्डरांनी बरोबर हेरलं. पुढे उपनगरांत इमारती खांबांवर उभ्या राहू लागल्या, तळमजल्याच्या जागी मोकळं स्टिल्ट आलं आणि खांबांमधल्या रंगवलेल्या पट्ट्यांना भाव फुटला. भिंत नाही, दार नाही, जमिनीवर एक आकडा. पण विकताना ते गॅरेज!

दहिसर पूर्वेच्या आनंदनगरातल्या पांचाली सोसायटीचा वाद नेमका हाच. नहालचंद लालूचंद या बिल्डर कंपनीचं म्हणणं, स्टिल्टमधल्या जागा आमच्या, सोसायटीने त्यात पडू नये. दिवाणी न्यायालयात कंपनी हरली, उच्च न्यायालयातही हरली, आणि 31 ऑगस्ट 2010 ला सर्वोच्च न्यायालयानेही तिचं अपील फेटाळलं. न्यायमूर्ती लोढा आणि पटनाईक यांनी म्हटलं की गाडी लावायची प्रत्येक जागा गॅरेज नसते. फ्लॅट घेणारा माणूस गॅरेज म्हटल्यावर जे समजतो, त्यात उघडं आवार बसत नाही आणि स्टिल्टही बसत नाही. शिवाय गॅरेज हे फ्लॅटला जोडूनच येतं, सुटं गॅरेज म्हणजे फ्लॅट नव्हे. शब्दाचा अर्थ विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला विचारून ठरवला, हे मला या निकालात सर्वांत पटतं.

2016 च्या केंद्राच्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, तर भिंतीच मोजल्या: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असतील तर गॅरेज. स्टिल्टची आशा संपली म्हणावी, तोच त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांत ‘कव्हर्ड पार्किंग’ हे तिसरंच नाव उगवलं. त्यात तळघर आलं, पोडियम आलं, स्टिल्टही आलं. गॅरेज आणि उघडं पार्किंग तेवढं वगळलं. उघडी जागा विकायला बंदी आहेच, पण कव्हर्ड पार्किंगची किंमत घेता येते. दहिसरला जे गॅरेज म्हणून विकता आलं नव्हतं, ते आज नव्या इमारतींच्या करारनाम्यात या नावाखाली रकमेसकट छापलेलं असतं.