डॉलर वितळले, रुपये झाले

जुना अमेरिकी चांदीचा डॉलर हाती आला की लोक आधी साल बघतात. जाणकार नाणं उलटवतो. मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या हारालगत, ‘डॉलर’ या शब्दाच्या थोडं वर टांकसाळीचं बारीक अक्षर असतं. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे कार्सन सिटी. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

हा मॉर्गन डॉलर. नेवाड्यातल्या कॉमस्टॉकच्या खाणींनी चांदीचा पूर आणला, भाव घसरले आणि १८७८च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यानं दरमहा निदान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडणं सरकारवर बंधनकारक झालं. इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गननं त्याची नक्षी केली. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. एवढं जड नाणं खिशात बाळगायला फारसं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे पिशव्याच्या पिशव्या सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिल्या.

पुढची कथा आपल्या मुंबईपर्यंत येते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटांवरचा विश्वास डळमळला आणि नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. ब्रिटननं अमेरिकेकडे हात पसरले. १९१८च्या पिटमन कायद्याखाली सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळले. त्यांतल्या जवळपास सव्वीस कोटींची चांदी हिंदुस्थानासाठी होती. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला निघणाऱ्या पंचम जॉर्जच्या १९१८च्या रुपयात तिचा अंश असणं अगदी शक्य आहे. कमळाखाली ठिपका असेल तर तो रुपया मुंबईच्या टांकसाळीचा.

भट्टीत कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून किती नाणी पाडली या आकड्यावरून किती उरली हे कळत नाही, आणि किमतीचा सगळा गुंता इथेच आहे. न्यू ऑर्लिन्सचा १९०३चा डॉलर चव्वेचाळीस लाखांहून अधिक पाडलेला; तरी तो जवळजवळ नामशेष झाला असं मानून संग्राहक त्याला भारी दाम मोजत. १९६२मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

उलट १९२१चा मॉर्गन. वितळलेल्यांची भरपाई म्हणून तो एका वर्षात साडेआठ कोटींहून जास्त पाडला गेला. वापरलेला असेल तर चांदीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं.

खरा मान सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९३च्या नाण्याला. ती जेमतेम एक लाख पाडली गेली. फिलाडेल्फियाच्या त्याच सालच्या नाण्यावर एस चिकटवून फसवणूक होते, म्हणून भिंग घेऊन ‘लिबर्टी’तलं टी पाहावं. अस्सल नाण्यांचा दर्शनी ठसा एकच होता, त्यामुळे त्या अक्षराच्या माथ्यावर एक तिरकी, उठावदार रेघ असते. ती फार झिजलेल्या नाण्यावर दिसेलच असं नाही, तेव्हा ते तज्ज्ञाला दाखवावं. आणि दाखवण्याआधी चिंच किंवा पावडर लावून घासू नये; घासलेल्या नाण्याचे पैसे निम्म्यावरही येतात.