पिशवीचा प्रवास : कापड, प्लॅस्टिक आणि पुन्हा कापड

आपल्या ट्रस्टच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, याच काळात आपल्या घराघरांतून घडलेल्या एका स्थित्यंतराचा आढावा घेणे उचित ठरेल. हे स्थित्यंतर आहे बाजाराच्या पिशवीचे. वस्तू क्षुल्लक खरी. परंतु घरातील कचरा का वाढला, याचे उत्तर तिच्या इतिहासात सापडते.

पूर्वी पिशवी ही ग्राहकाची वस्तू होती, दुकानदाराची नव्हे. मांजरपाटाची पिशवी खुंटीला टांगलेली असे आणि बाजाराला निघताना ती हाती घेतली जाई. वाणी डाळ-साखर रद्दीच्या कागदात बांधून पुडीला दोरा गुंडाळी. घरी तो दोराही जपून ठेवला जाई. मुंबईत आरेच्या केंद्रावर दुधाची रिकामी बाटली परत देऊन भरलेली घ्यावी लागे. कापडाचे आयुष्य तर याहून दीर्घ. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी झिजली की पायपुसणे. धड कपडे असतील तर बोहारीण ते घेऊन त्या बदल्यात भांडे देई. यामागे टंचाई होती हे मान्य केले पाहिजे. परंतु वस्तू वाया घालवू नये हा संस्कारही होता. पर्यावरण हा शब्द न उच्चारताच जयणा पाळली जात होती.

इकडे १९३३ साली इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत पॉलिथिनचा शोध योगायोगाने लागला. १९६५ साली स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीस, आज सर्वत्र दिसणाऱ्या दोन बंदांच्या अखंड पिशवीचे पेटंट मिळाले. तिची रचना स्टेन गुस्टाफ थुलिन या अभियंत्याची. कागदी पिशव्यांसाठी होणारी वृक्षतोड टळावी आणि ही टिकाऊ पिशवी लोकांनी पुनःपुन्हा वापरावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ते स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात बाळगत, असे त्यांच्या चिरंजीवांनी २०१९ साली सांगितले. जगाने मात्र ती एकदाच वापरून फेकली.

भारतात १९६९ साली बडोद्यास इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल पुढे देशातच विपुल मिळू लागला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत दुकानाचे नाव छापलेली पिशवी फुकट देण्याची चाल रूढ झाली. ग्राहकाची पिशवी दुकानदाराची झाली, ती याच काळात. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर तिची किंमत बिलात नव्हती, म्हणून ती कोणी मोजली नाही. पुढे ती वसूल झाली तुंबलेल्या गटारांतून आणि मोकाट गाईंच्या पोटांतून.

बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पिशव्यांनी गटारे तुंबल्याचे दिसून आले आणि २००२ साली त्या देशाने जगात प्रथम पातळ पिशव्यांवर बंदी घातली. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतीही व्यवस्था अपुरीच पडली असती. तथापि नाल्यांतील प्लॅस्टिकचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. २००६ साली राज्यात अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा झाला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली.

इतके होऊनही भाजीबाजारातून ती पिशवी गेलेली नाही. कारण कायद्याने वस्तू बंद होते, सवय होत नाही. आयर्लंडने २००२ साली बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसविला, तेव्हा दरडोई वार्षिक वापर ३२८ पिशव्यांवरून सुमारे २१ वर आला. फुकटेपणा संपताच लोकांना घरची पिशवी आठवली.

येथे कापडाच्या व्यवसायातील दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. पहिली अशी की, ‘नॉन-वुव्हन’ नावाने मिळणारी रंगीत पिशवी दिसते कापडासारखी; परंतु ती बहुधा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. तिचा धागा जाळला तर वितळून गोळा होतो. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. दुसरी गोष्ट अशी की, सुती पिशवीही निर्दोष नाही. कापूस, पाणी, वीज, रंग हे सारे तिच्यात खर्ची पडते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या दृष्टीने एकदा वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी साधण्यास सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर हे सव्वा वर्ष होते. मांजरपाटाच्या जुन्या पिशवीस हे मुळीच कठीण नव्हते. कार्यक्रमागणिक नवी पिशवी वाटल्यास मात्र कापडही कचराच ठरेल.

म्हणून नम्र सूचना अशी की, प्रभावनेत आणखी पिशव्या वाटण्याऐवजी घरात असलेल्याच वापरात आणाव्यात. स्वामीवात्सल्यात स्टीलचीच ताटे असावीत. ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली जुनी रीत तर एक कणही वाया जाऊ देत नाही. दुकानदार बंधूंनी पिशवीचे मूल्य बिलात स्वतंत्र दाखवावे. घरातील जुन्या चादरीची एक पिशवी शिवून ती दाराशी टांगावी. अपरिग्रहाचे व्रत थोर खरेच. परंतु त्याचा आरंभ त्या खुंटीपासूनही होऊ शकतो.