घरची पद्मिनी आणि फिझोचा कंडेन्सर

नगर-पुणे रस्त्यावरचे केडगाव आता शहरातच जमा झाले आहे. (हे रेणुकामातेचे केडगाव, पंडिता रमाबाईंचे केडगाव ते पुणे जिल्ह्यात, दौंडजवळ.) येथील आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आमचे वडील, अण्णा, हायस्कुलात विज्ञान शिकवीत. त्यांनी ती १९९१ साली जुनीच घेतली. तेव्हापासून तिची बहुतेक दुरुस्ती घरीच झाली. अण्णा पाना फिरवीत आणि आम्ही भावंडे बॅटरी धरून उभी राहत असू.

गाडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी ती चढावर धापा टाकू लागली. मध्येच एखादा फटाका फुटे आणि इंजिन गचके खाई. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी इंजिनच खोलावे लागेल असे सांगितले. तो खर्च अण्णांच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराइतका होता. अण्णा गाडी तशीच परत घेऊन आले. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले आणि इंजिन चावीने फिरवायला सांगितले. आत पॉइंटमध्ये चांगली ठसठशीत निळी ठिणगी दिसत होती. आम्हाला वाटले, ठिणगी आहे म्हणजे सारे ठीक आहे. अण्णा म्हणाले, "ठिणगी आहे, पण भलत्या ठिकाणी आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतले प्रवर्तन वेटोळे आम्हाला उघडून दाखवले. त्याच्या लाकडी बैठकीच्या पोटात कथिलाचा वर्ख आणि मेणकागद यांच्या घड्यांचा एक गठ्ठा असतो. तोच कंडेन्सर, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले धारित्र. आमच्या गाडीत नेमका तो निकामी झाला होता.

हे वेटोळे प्रयोगशाळेतून मोटारीत कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. फॅरडेने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले. पाच वर्षांनी आयर्लंडमधील निकोलस कॅलन याने दोन वेटोळ्यांचे प्रवर्तन यंत्र तयार केले. पॅरिसमधील उपकरणे बनवणारा रुमकॉर्फ याने १८५० नंतर त्याला इतके सुबक रूप दिले, की आजही शाळेतल्या वेटोळ्याला त्याचेच नाव आहे. प्राथमिक वेटोळ्यातील धारा एकाएकी तोडली, की गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो फेऱ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात मोठे विभवांतर निर्माण होते. यात सारे महत्त्व ‘एकाएकी’ या शब्दाला आहे. धारा तोडताना प्राथमिक वेटोळ्यातही शे-दोनशे व्होल्ट उलटून येतात. पॉइंट नुकतेच विलग होत असतात, त्यांच्यातील फट केसाएवढी असते. त्या फटीतून ठिणगी उडते आणि धारा तिच्यातून वाहतच राहते. म्हणजे ती तुटण्याऐवजी रेंगाळत कमी होते, आणि दुय्यम वेटोळ्यात पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत.

यावर उपाय सुचवला तो फिझोने, १८५३ साली. प्रकाशाचा वेग दातेरी चाकाने मोजणारा तो हाच फिझो. पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडायचा. पॉइंट उघडू लागताच धारेला फटीतून उडी मारण्यापेक्षा कंडेन्सरमध्ये शिरणे सोपे जाते. तो भरेपर्यंत पॉइंट पुरेसे दूर गेलेले असतात. एवढे साधे आहे हे. पण आमच्या मते विद्युतशास्त्रातील अतिशय देखण्या युक्त्यांपैकी ही एक आहे, आणि अभ्यासक्रमात तिला एखाद्या ओळीपेक्षा अधिक जागा मिळायला हवी होती.

मोटारीत ही जोडणी रुळवली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंगने. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बॅटरीवर चालणारा स्टार्टर, दिवे आणि ठिणगीची व्यवस्था एकत्र आली, ती त्याच्या कामामुळे. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हीच पद्धत चालली. आमच्या पद्मिनीतही तीच आहे.

थोडे गणित करू. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाला एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातील साधारण ६० टक्के वेळ पॉइंट बंद असतात. तेवढ्यात वेटोळ्यात धारा वाढायची असते. प्रवर्तकत्व ८ मिलिहेन्री आणि रोध ३ ओहम धरला, तर काल-स्थिरांक २.७ मिलिसेकंद येतो. १२ व्होल्टवर धारा फार तर ४ अँपिअर होईल आणि साठलेली ऊर्जा ०.०६४ ज्यूल. फेरे ५००० केले, तर पॉइंट बंद राहण्याचा वेळ ३.६ मिलिसेकंदांवर येतो. धारा ७४ टक्क्यांपर्यंतच पोचते आणि ऊर्जा तिच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ५५ टक्केच उरते. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. पॉइंटमधील फट कमी-जास्त झाली, की हा बंद राहण्याचा वेळच बदलतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असलेली ती फट अण्णा दर दोन-तीन महिन्यांनी फिलर गेजने तपासत.

आता, एका शाळामास्तराला अंगणात हे सारे करता आले, याला इतिहासही कारण आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी देशात सुटे भाग बनवावेत, नाहीतर काम थांबवावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या कंपन्यांना स्पर्धाच राहिली नाही. पन्नाशीच्या दशकातील ‘डुक्कर फियाट’नंतर १९६४ साली १,०८९ घनसेंमी इंजिनाची डिलाइट आली. तीच सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी विकली जाऊ लागली. इटलीत हे मॉडेल १९६६ सालीच बंद झाले होते, आपल्याकडे ते सुमारे २००० सालापर्यंत चालले. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. या धोरणाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती बरीचशी रास्तही आहे. मात्र पस्तीस वर्षे जवळजवळ तेच पॉइंट, तेच गॅस्केट, तोच फॅनबेल्ट तालुक्याच्या गावीही मिळत असे. त्यामुळे हजारो मिस्त्री आणि घरगुती कारागीर तयार झाले, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू.

घरच्या दुरुस्तीचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. आम्ही प्लग आणि जेट पेट्रोलमध्ये हाताने धूत असू. जेट तोंडाने फुंकून साफ करीत असू. त्या पेट्रोलमध्ये शिसे होते. केटरिंगच्याच हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजलीने १९२१ साली शोधलेले टेट्राइथिल लेड त्वचेतूनही शरीरात जाते. चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली मिळू लागले आणि देशभर १ फेब्रुवारी २००० पासून. ब्रेकच्या ड्रममधील धूळही आम्ही फुंकरीने उडवत असू, आणि त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. अण्णांना हे कोणी सांगितले नव्हते. शाळेच्या कार्यशाळेत आज कोणी जुनी गाडी खोलणार असेल, तर लायनरची धूळ कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

सुधारणेचा पहिला प्रयोग आम्ही १९९८ साली केला. पॉइंटमधून ४ अँपिअर धारा तोडण्याऐवजी ते काम ट्रान्झिस्टरकडे सोपवायचे आणि पॉइंटने फक्त ट्रान्झिस्टरची किरकोळ धारा तोडायची, अशी ती जोडणी. पॉइंटवर एकीकडे टेकाड आणि दुसरीकडे खड्डा पडणे बंद झाले. एवढाच खरा फायदा. वेग वाढल्यावर ठिणगी अशक्त होते, ती वेटोळ्याच्या काल-स्थिरांकामुळे. ती उणीव तशीच राहिली. पण नगर-पुणे रस्त्यावर पद्मिनीला ५००० फेरे कोण देणार! पुढच्याच मे महिन्यात सुप्याजवळ भर उन्हात ट्रान्झिस्टर जळला. अण्णांनी जुना कंडेन्सर जागेवरच ठेवला होता. एक तार बदलली आणि दहा मिनिटांत आम्ही शिरूरच्या दिशेने निघालो.

आता नवा प्रश्न पेट्रोलचा आहे. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली; आणि त्याच उसाच्या मळीपासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेले असते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. आमचा पडदा दोनदा बदलावा लागला. शिवाय इथेनॉलच्या रेणूत वजनाने ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे १ किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. कार्ब्युरेटर हे ओळखू शकत नाही. तो जुन्याच मापाने इंधन सोडतो, आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. इंधन सुमारे ९ टक्के वाढवायला हवे. जेटचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते, म्हणून व्यास सुमारे ४ टक्के वाढवला तरी पुरतो. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. उदाहरणार्थ, १२० क्रमांकाच्या जागी १२५ बसवला, की काम होते.

कायदाही लक्षात ठेवावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. नोंदणी पुस्तिकेतील तपशील बदलेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही; जेट आणि पॉइंट त्यात येत नाहीत. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. आमच्या गाडीला पन्नास वर्षे २०३२ साली होतील.

अण्णा आता पंचाऐंशीचे आहेत. मोठ्या जेटची पुडी आम्ही पुण्याहून आणली, तेव्हा त्यांनी भिंग लावून तिच्यावरचा आकडा वाचला. जुना जेट त्यांनी फेकू दिला नाही. कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, त्यांनी तो फिलर गेजच्या डबीत ठेवला आहे.