सर्व्हरच्या डिस्कची आखणी

नव्या सर्व्हरवर लिनक्स बसवताना इन्स्टॉलर डिस्कची तयार मांडणी सुचवतो आणि बहुतेक जण ती मान्य करून पुढे जातात. लॅपटॉपवर त्याने फारसे बिघडत नाही. सर्व्हर मात्र वर्षानुवर्षे अखंड चालतो. लॉग, डेटाबेस, लोकांनी चढवलेल्या फायली आपापल्या गतीने वाढत राहतात आणि डिस्क भरत आली हे पाहायला समोर कुणी बसलेले नसते. म्हणून जागेच्या आकड्यांआधी एक प्रश्न सोडवावा: यांतले काही अनावर वाढले, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडेल? पार्टिशनच्या सीमा या उत्तरावरून ठरतात.

सगळे एकाच रूट फाइल सिस्टीमवर असेल, तर बिघडलेल्या एखाद्या सेवेचा लॉग रात्रीत उरलेली जागा खाऊन टाकतो. पोस्टग्रेसला आपली वॉल नोंद लिहिता आली नाही की तो स्वतःहून बंद होतो. पॅकेजचे अद्ययावतीकरण अर्ध्यावर अडकते. एक्सटी४ रूट वापरकर्त्यासाठी ५ टक्के जागा राखून ठेवते खरी. पण लॉग लिहिणारी प्रक्रियाच रूट म्हणून चालत असेल तर ती राखीव जागाही तीच संपवते. (४ टीबीच्या डेटा डिस्कवर हे ५ टक्के म्हणजे २०० जीबी. तिथे ते प्रमाण बिनदिक्कत कमी करावे.) /व्हार/लॉग वेगळे ठेवण्याचे कारण एवढेच, की लॉग भरला तर नुकसान लॉगपुरते राहावे.

मग प्रत्येक डिरेक्टरी वेगळी का करू नये? कारण सीमेची किंमत असते. एका फाइल सिस्टीमच्या आत फाइल हलवणे म्हणजे केवळ नाव बदलणे, ते क्षणात होते. सीमा ओलांडली की तीच क्रिया पूर्ण नक्कल करून मूळ प्रत पुसण्याची होते. २० जीबीची फाइल आधी /टेम्पमध्ये उतरवून मग डेटाच्या जागी नेणारा प्रोग्रॅम इथे रखडतो. हार्ड लिंक तर सीमेपलीकडे जातच नाही. शिवाय एकीकडे जागा पडून असते आणि दुसरीकडे टंचाई. /यूएसआर वेगळे ठेवण्याची जुनी चाल लहान डिस्कच्या काळातली आहे. आता प्रमुख वितरणांत /बिनमधल्या आज्ञाही /यूएसआरमध्येच राहतात, तेव्हा ती सोडून द्यावी.

ही ओढाताण एलव्हीएमने बरीचशी सुटते, पण एक गोष्ट ध्यानात ठेवली तरच. एक्सटी४ चालू असताना वाढवता येते, लहान करायची तर अनमाउंट करावी लागते. २०१४ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून तिथे मूळ निवड असलेली एक्सएफएस वाढते, पण व्यवहारात लहान होत नाही. वाढवणे सोपे आणि कापणे अवघड असेल, तर सुरुवातीला हात आखडता घ्यावा. इन्स्टॉलरमध्ये सगळी जागा वाटून मोकळे होण्याचा मोह मला सर्वांत महाग वाटतो.

एक उदाहरण घेऊ. पोस्टग्रेस आणि वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, ६४ जीबी रॅम, ९६० जीबीच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये. संगणकाच्या मोजणीत हाती ८९४ जीबी येतात. ईएफआय पार्टिशन आणि /बूट यांना प्रत्येकी १ जीबी. रेड सॉफ्टवेअरची असेल तर फर्मवेअरला ती कळत नाही, म्हणून ईएफआय पार्टिशन दोन्ही डिस्कवर स्वतंत्र ठेवावे. उरलेले सगळे एलव्हीएममध्ये. रूट ४०, /व्हार ४०, /व्हार/लॉग २०, /होम १०, स्वॅप ८, डेटाबेसला २५०. रॅमच्या दुप्पट स्वॅपचा जुना नियम इथे लावला तर १२८ जीबी अडकतील, आणि सर्व्हरला हायबरनेट व्हायचे नसते. सुमारे ५२० जीबी, म्हणजे निम्म्याहून अधिक डिस्क, कुणाच्याच नावावर नाही. एखादी रेप्लिका अडली आणि वॉल फायली साचू लागल्या, तर एका आज्ञेत डेटाबेसची जागा वाढते, सेवा थांबवावी लागत नाही. डॉकर असेल तर /व्हार/लिब/डॉकरलाही यातूनच वेगळा हिस्सा द्यावा.

जागा शिल्लक दिसत असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो, तेव्हा इनोड संपलेले असू शकतात. एक्सटी४ साधारण दर १६ केबीमागे एक इनोड धरते आणि ही संख्या फाइल सिस्टीम बनवतानाच ठरते. लाखो बारीक फायलींच्या मेल रांगेसाठी हे प्रमाण आधीच बदलावे किंवा एक्सएफएस घ्यावी; ती इनोड लागतील तसे बनवते.

/टेम्पला नोएक्झेक, नोसुइड, नोडेव्ह हे पर्याय लावावेत, पण नोएक्झेकवर फार विसंबू नये: स्क्रिप्ट शेलच्या हाती दिली की ती चालतेच. /व्हारला मात्र नोएक्झेक लावू नये. डेबियनच्या पॅकेजांच्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजीमधून चालतात, त्यामुळे पॅकेज बसवणेच अडते.

एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी लिहावा. नावे रीबूटनंतर बदलू शकतात. स्वतंत्र डेटा डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी यंत्र आणीबाणी मोडमध्ये नेते. नोफेल लावले तर यंत्र सुरू होते, एसएसएचने आत जाता येते. पण मग डेटाबेस रिकाम्या माउंटबिंदूवर उठण्याचा धोका उरतो. म्हणून डेटा थेट माउंटबिंदूवर न ठेवता त्याच्या आतल्या डिरेक्टरीत ठेवावा. डिस्क नसेल तर ती डिरेक्टरीच दिसत नाही आणि पोस्टग्रेस सुरू व्हायला नकार देतो.