पाहुण्यास सुरत दाखवताना

महाराष्ट्रातून सुरतेस आलेला पाहुणा पहिला चहा संपण्यापूर्वीच एक प्रश्न हमखास विचारतो : "महाराजांनी सुरत लुटली, ती जागा कुठली?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागले नाही असे मराठी घर या शहरात क्वचितच असेल. प्रश्नामागे अभिमान असतो आणि तो रास्तही असतो. परंतु ज्या शहराच्या अन्नपाण्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्याच शहराच्या आपत्तीची ही कथा आहे, याचा विसर यजमानास पडू शकत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका आप्तांना घेऊन मी चौकबाजारातील किल्ल्याकडे गेलो होतो. बरोबर आमचे शेजारी, जरीच्या धंद्यातील एक वृद्ध गुजराती गृहस्थ होते. पाहुण्यांनी रंगात येऊन लुटीचे वर्णन केले. शेजारी शांतपणे ऐकत राहिले. परतताना मला एवढेच म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, सगळे खरे आहे. पण तेव्हा ज्यांची घरे जळली तेही सुरतीच होते ना?" पाहुण्यास सुरत कशी दाखवावी, याचा विचार मी त्या दिवसापासून करीत आलो आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त तोच सभासदांपुढे ठेवतो.

आरंभ किल्ल्यापासूनच करावा. पाहुण्याच्या उत्सुकतेस बगल देऊ नये. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे बंदर वारंवार जाळले. त्यांच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेने खुदावंदखानाने तापीच्या काठी हा किल्ला उभारला. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला आणि ज्यांचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य होते ती रयत उघड्यावर पडली. शाएस्ताखानाने पुण्यात तळ ठोकून स्वराज्याची जी नासाडी केली, तिची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करून घ्यावी, हे या स्वारीचे कारण. वीरजी व्होरासारख्या सावकारांची घरे लुटली गेली, आगी लागल्या. त्याबरोबरच फ्रेंच प्रवासी बर्निये याने नोंदवलेली गोष्टही सांगावी : कॅपुचिन पाद्र्यांच्या मठास आणि डचांच्या एका दिवंगत दलालाच्या घरास, तो दानशूर होता म्हणून, धक्का लावला गेला नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. पराक्रम सांगावा आणि पोळलेल्या शहराचे दुःखही सांगावे. यांपैकी एक लपवून दुसरे सांगणारा यजमान पाहुण्याची फसवणूक करतो.

किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर मुगलीसरा आहे. १६४४ साली बांधलेली ही सराई यात्रेकरूंसाठी आणि वाटसरूंसाठी होती. हजला जाणारे लोक सुरतेच्या बंदरातूनच जहाजात बसत. पुढे दीर्घकाळ महानगरपालिकेचा कारभार याच वास्तूतून चालला. जे शहर स्वतःचा कारभार पाहुण्यांच्या सराईतून चालवते, त्याचा स्वभाव निराळा सांगावा लागत नाही.

तेथून पाहुण्यास बऱ्हाणपुरी भागळीत न्यावे. डोळ्यांत भरावे असे तेथे काहीही नाही. दुकाने, हातगाड्या आणि वाहनांची कोंडी, एवढेच. परंतु नाव ऐकून खानदेशी माणूस थबकतो. भागळ म्हणजे तटातील वाट. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या हमरस्त्याची ही खूण. हा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा खानदेशातून जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. म्हणजे महाराजांच्या स्वारीपूर्वी कितीतरी वर्षे सुरत आणि खानदेश यांच्यात व्यापाऱ्यांचे तांडे जा-ये करीत होते. आपली तापीदेखील बऱ्हाणपूर आणि खानदेश पाहूनच सुरतेस येते. चार दिवसांची लूट आपल्या पाठ्यपुस्तकांत आली, शतकांची वाट मात्र केवळ एका चौकाच्या नावात उरली.

कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. १६६४ साली वखारीचा बचाव करणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये मरण पावला. त्याची भव्य कबर येथे आहे. त्याच कुळातील हेन्री ऑक्झेंडन पाच वर्षांनी, १६७४ साली, रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी नजराणा घेऊन उभा होता. रायगड पाहिलेल्या पाहुण्यास ही कबर दाखवली की तो काही काळ बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

यानंतर आमलीरान येथील कवी नर्मदचे घर पाहावे. नर्मदने आपल्या शहराची संक्षिप्त हकीकत गद्यात लिहिली आहे. आपला गाव परक्यास नीट सांगता यावा, ही तळमळ त्या लेखनामागे असावी असे मला नेहमी वाटते. मराठीच्या अभ्यासकास त्याही आधीची एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली, तीत दादोबा सामील होते. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविरुद्ध तेथे चर्चा होत. मुंबईस परतल्यावर १८४९ मध्ये दादोबांनी परमहंस सभा काढली. महाराष्ट्रातील धर्मसुधारणेचा एक झरा अशा रीतीने सुरतेत उगम पावला. हे ऋण आपण पाहुण्यास क्वचितच सांगतो.

डिसेंबर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनाचीही आठवण काढावी. लोकमान्य टिळक उपसूचना मांडण्यास व्यासपीठावर गेले, गोंधळ माजला, कोणीतरी फेकलेला मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. अभिमानाच्या जागा दाखवताना हा जोडाही वगळू नये.

इथवरची सुरत ग्रंथांतून सापडते. परंतु ज्या सुरतेत आज सर्वाधिक मराठी कानी पडते, ती लिंबायत आणि उधना या भागांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातील रेल्वे सुरतेहून नंदुरबार, अमळनेरकडे गेली आणि बऱ्हाणपुरी भागळीची वाट रुळांवर आली. त्याच वाटेने खानदेशातील शेतकऱ्यांची मुले यंत्रमागांवर कामास आली. श्रावणात तेथे कानबाई बसते, तेव्हा गल्लीगल्लीतून अहिराणी गाणी ऐकू येतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. माझ्या एका विद्यार्थ्यास त्याची आवडती जागा विचारली, तेव्हा त्याने उधना स्थानकाचा फलाट सांगितला; कारण आजी गावाहून तिथेच उतरे. इतिहासाच्या पुस्तकात हा फलाट येणार नाही. तरीही पाहुण्यास तो दाखवला पाहिजे.

सायंकाळी पाहुण्यास जेवू घालावे. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, ही म्हण तोवर त्याने ऐकलेली असतेच. हिवाळा असेल तर अडाजणच्या बाजूस पोंक खाण्यास न्यावे, पहिला घास घेताच खानदेशी पाहुणा म्हणेल, "अहो, हा तर आपला हुरडा!" कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडवा असतो. त्या रात्री सारे शहर रस्त्याच्या कडेला चटया अंथरून घारी आणि भुसू खाते. अनोळखी माणसासही जवळ बसवून घेण्याची रीत पाहायची असेल तर ती रात्र चुकवू नये.

ग्रंथालयाच्या कार्यकारिणीस एक सूचना करावीशी वाटते. येथे एक वही ठेवावी आणि प्रत्येक सभासदाने आपल्या मोहल्ल्यातील एक जागा, तिच्या आठवणीसह, तीत मराठीत नोंदवावी. आपली नातवंडे आता गुजराती आणि इंग्रजी शाळांत जातात. उद्या पाहुणे येतील तेव्हा त्यांना शहर दाखवण्याचे काम याच मुलांवर येईल. लुटीची जागा त्यांना कोणीही सांगेल. बऱ्हाणपुरी भागळ आणि दादोबांची शाळा सांगणारे कोणी उरेल की नाही, याची मला काळजी वाटते.

ते जरीवाले शेजारी आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नास मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. आता पाहुण्यास किल्ल्यासमोर उभे केले की महाराजांची स्वारी सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो, "ज्यांची घरे जळली ते सुरती होते. आज आम्हीही सुरतीच आहोत."