आवाज बिघडला, दोष कोणाचा?

२०१० सालची गोष्ट आहे. फेडोरा १४ ही लिनक्सची नवी आवृत्ती आली आणि लोकांच्या लक्षात आलं, की ब्राउझरमधल्या फ्लॅशचा आवाज खरखरतोय. फ्लॅश तेच होतं, काल नीट वाजत होतं. मग बदललं काय?

बदललं होतं ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या सी भाषेतल्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असलेलं ग्रंथालय. त्यात 'मेमकॉपी' नावाचं एक अगदी साधं काम असतं: मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायचा. वेग वाढावा म्हणून काही प्रोसेसरांसाठी हे काम शेवटाकडून सुरुवातीकडे होऊ लागलं. आता असं बघा, या सभागृहातल्या एका रांगेने एकेक खुर्ची डावीकडे सरकायचं ठरवलं. डाव्या टोकापासून उठलात तर सगळे सुखरूप बसतील. उजवीकडून सुरुवात केलीत, तर शेजाऱ्याच्या मांडीवर! मेमरीत तर शेजारी पुसलाच जातो.

सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणकात लिहिलंय, की दोन जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपी वापरू नये. त्यासाठी 'मेममूव्ह' आहे. फ्लॅशने हा नियम मोडला होता, पण जुन्या दिशेमुळे ते खपून गेलं.

कारण सापडलं कसं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक आठवा. लिनस टोरवाल्ड्स यांनी साधी, पुढून मागे जाणारी मेमकॉपी लिहिली आणि फ्लॅश चालू होताना ग्लिबसीच्या मेमकॉपीऐवजी तीच वापरली जाईल असं केलं. बाकी काही हलवलं नाही. आवाज स्वच्छ! हा झाला व्यतिरेक.

पण कारण कळलं म्हणून दोष ठरला असं नाही. ग्लिबसीवाले म्हणाले, नियम फ्लॅशने मोडला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला नियमाशी काय देणंघेणं, चालणारी गोष्ट बंद पाडू नका. शिवाय फ्लॅशचा मूळ कोड अडोबीकडे. इतर कोणी तो दुरुस्त करणार तरी कसा? मला टोरवाल्ड्स यांची बाजू पटते, जरी नियमांच्या पुस्तकात ती हरते.

२०११च्या ग्लिबसी २.१४ मध्ये तोड निघाली. ६४-बिट प्रोग्रामांसाठी मेमकॉपीला दोन आवृत्त्या मिळाल्या. जुन्या तयार प्रोग्रामांना मिळते ती मेममूव्हसारखी सावधपणे वागते, आणि नव्याने बांधलेल्यांना नियमाप्रमाणे वागणारी मिळते.